एकच पुस्तक, दोघींचे रंग : लेयरचे ब्लेंड मोड आधी ठरवून घ्यावेत का?

केवडा

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघी मिळून लहान मुलांसाठी ३२ पानांचं चित्रांचं पुस्तक करतोय. रेषा कागदावर शाईने काढायच्या, स्कॅन करायच्या आणि रंग कॉम्प्युटरवर भरायचे. मी पुण्यात फोटोशॉपवर काम करते, माझी सहकारी नागपुरात क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरवर. पानं वाटून घेतलीत. रंगांचा तक्ता एकच आहे, ब्रशही साधारण सारखे आहेत. तरी तिचं पान आणि माझं पान शेजारी ठेवलं की दोन वेगळी पुस्तकं वाटतात. माझ्या सावल्या तपकिरी आणि खोल, तिच्या दुधट निळसर. कंदिलाच्या प्रसंगात माझा उजेड मऊ, तिचा भगभगीत.

माझं मत असं की अशा कामात ब्लेंड मोड, म्हणजे वरचा लेयर खालच्या चित्रात कोणत्या गणिताने मिसळायचा ते, सुरुवातीलाच ठरवून टाकावेत. सावलीला एक, उजेडाला एक, पोताला एक, आणि पुस्तक संपेपर्यंत त्यातच राहायचं. तिचं म्हणणं, प्रत्येक चित्र वेगळं असतं, डोळ्यांना बरं दिसेल तो मोड लावावा. तुम्ही कसं करता? जोडीने किंवा गटात काम केलेल्यांनी जरूर लिहा.

मोरपीस

मी तुमच्या सहकारीच्या बाजूने. चित्रकाराने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर? एका चित्रात मल्टिप्लायने सावली छान बसते, दुसऱ्यात तीच मेल्यासारखी दिसते. मी मोडच्या यादीवरून एकेक करत खाली जाते आणि चित्र बोलायला लागलं की थांबते. नियम केले की चित्रं फॉर्म भरल्यासारखी होतात.

दौत_टाक

मोरपीस, एकट्याच्या एकट्या चित्राला हे शंभर टक्के मान्य. पण इथे पान उलटल्यावर त्याच मुलीचा तोच फ्रॉक तसाच दिसायला हवा. वाचणारं पोर पाच वर्षांचं आहे, रंग बदलला की त्याला ती दुसरी मुलगी वाटते.

केवडा, तुम्ही मोड ठरवायचं म्हणताय ते बरोबरच आहे, पण नुसतं 'सावली = मल्टिप्लाय' एवढं लिहून भागणार नाही. सावलीच्या लेयरचा रंग कोणता, ओपॅसिटी (लेयरची अपारदर्शकता) किती, लेयर कशाच्या वर आणि कोणत्या ग्रुपमध्ये, हे सगळं ठरलं तर एकसारखेपणा येईल. मल्टिप्लायचं गणित सोपं आहे : वरचा आकडा गुणिले खालचा आकडा, भागिले २५५, आणि हे लाल, हिरवा, निळा तिन्हीसाठी वेगवेगळं. खालची त्वचा समजा २४०, १९५, १६५. तिच्यावर १५०चा सपाट राखाडी टाकलात तर १४१, ११५, ९७ येतं, म्हणजे तुमचा तपकिरी. जांभळट १७०, १४०, १९० टाकलात तर १६०, १०७, १२३. मोड तोच, पण एक सावली मातीची आणि दुसरी संध्याकाळची.

सह्यवारा

माझा अंदाज, मॉनिटर. दोघींचे कॅलिब्रेट केलेत का? नसतील तर मोडची चर्चा नंतर करू.

केवडा

@सह्यवारा, दोन्ही मॉनिटर कॅलिब्रेट केलेले आहेत. शिवाय दोघींच्या फायली मी माझ्याच मॉनिटरवर शेजारी ठेवून पाहिल्या, फरक तेवढाच दिसतो.

@दौत_टाक, सावलीचा रंग दोघींचा एकच ठेवलाय, निळसर राखाडी. लेयरही मल्टिप्लायच आहे, तिची फाईल उघडून बघितलं. ओपॅसिटी मात्र तिने कमी ठेवलीय, कारण पूर्ण ठेवली तर सावली खालचं सगळं झाकून टाकते म्हणाली. एक विचित्र गोष्ट सांगते. मुलीच्या काळ्या केसांवर झाडाची सावली पडते त्या पानावर, तिच्या चित्रात सावलीतले केस उन्हातल्या केसांपेक्षा उजळ दिसतात.

टोरांटोकर

थांबा, सापडलं.

मल्टिप्लाय कधीही उजळ करत नाही. २५५ला एक धरलं तर दोन्ही आकडे शून्य ते एकच्या मधले असतात, त्यांचा गुणाकार खालच्या आकड्यापेक्षा मोठा होऊच शकत नाही. सावलीत केस उजळले याचा अर्थ लेयरवर मल्टिप्लाय लिहिलेलं असलं तरी तिथे मल्टिप्लाय चालत नाहीये. आणि सावली खालचं सगळं झाकते हे तर सरळ नॉर्मलचं लक्षण.

तो लेयर ग्रुपमध्ये आहे का? असेल तर ग्रुपचा मोड बघा. फोटोशॉपमध्ये नवा ग्रुप केला की तो आपोआप 'पास थ्रू' असतो, म्हणजे आतला लेयर ग्रुपच्या खालच्या सगळ्या चित्राशी मिसळतो. क्रितात नवा ग्रुप तसा नसतो. तिथे पास थ्रूचं चिन्ह मुद्दाम चालू करावं लागतं, नाहीतर ग्रुप आधी आतल्या आत स्वतःचं चित्र बनवतो आणि मग ते खाली ठेवतो. आत सावलीचा एकटाच लेयर असेल तर त्याला गुणायला खाली काहीच नाही. मोकळ्या जागेवर मल्टिप्लाय म्हणजे नुसता तो रंग. मग उरतो अर्धवट पारदर्शक निळसर पडदा, आणि तो गोरं-काळं सगळ्यालाच आपल्याकडे ओढतो.

आकड्यांत बघा. केस ४०, सावलीचा रंग १५०, ओपॅसिटी ४५ टक्के धरू. खरा मल्टिप्लाय असता तर केस ३३वर आले असते. पडदा असेल तर ९०. तेच तुमचे उजळ केस.

केवडा

अगदी तेच! तिची फाईल आत्ता परत उघडली. 'सावली' नावाचा ग्रुप नॉर्मल आहे आणि आत मल्टिप्लायचा एकच लेयर. ग्रुप पास थ्रू केला तर सावली बसली. ओपॅसिटी मात्र आता वाढवावी लागेल, कारण ती पडद्याच्या हिशेबाने ठेवली होती. टोरांटोकर, मनापासून आभार.

निशिगंध

वाखुसा (वाचनखूण साठवली). टोरांटोकरांनी केसावरून सावली पकडली, हा धागा रहस्यकथा सदरात हलवा :)

मोरपीस

छान उकल. पण माझ्या मुद्द्याला यात धक्का लागत नाही. उजळ केस केवडाच्या डोळ्यांनीच पकडले ना? नियमावलीने नव्हे.

दौत_टाक

डोळ्यांनी पकडले, आणि 'मल्टिप्लाय उजळ करत नाही' हे पक्कं माहीत होतं म्हणून कारण कळलं. दोन्ही लागतं हो.

याच्याच जवळची एक गोष्ट फोटोशॉपवाल्यांसाठी. पास थ्रू ग्रुप स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये (सगळे लेयर एका गाठोड्यात बांधणारा लेयर) बदललात की पास थ्रू संपतं. आतले मल्टिप्लाय, स्क्रीन सगळे आतल्या आत मिटतात आणि चित्र बदलतं. ग्रुपमध्ये कर्व्ह्जसारखा (खालच्या चित्राचा उजेड-गडदपणा बदलणारा) अ‍ॅडजस्टमेंट लेयर असेल तेव्हा उलटा उपयोग होतो : ग्रुप नॉर्मल केला तर कर्व्ह्ज फक्त त्या ग्रुपपुरते लागतात, पास थ्रू ठेवला तर खालच्या सगळ्या चित्राला. म्हणून माझ्या नियमांत ग्रुपचा मोड लेयरच्या मोडइतकाच ठळक लिहिलेला असतो.

बाराखडी

नवीन आहे, विचारून घेते. ओव्हरले, सॉफ्ट लाइट, हार्ड लाइट यांत नेमका फरक काय? तिन्ही लावले की चित्र 'उठतं' एवढंच कळतं.

दौत_टाक

बाराखडी, तिन्हीत ५० टक्के राखाडी म्हणजे काहीच न होणं. त्याहून उजळ रंगाने चित्र उजळतं, गडदने गडद होतं. ओव्हरलेमध्ये खालचं चित्र ठरवतं की गुणाकार करायचा की स्क्रीन (मल्टिप्लायच्या उलट, उजळ करणारा मोड). हार्ड लाइट म्हणजे तेच गणित, फक्त ठरवण्याचा हक्क वरच्या लेयरला. त्यामुळे ओव्हरलेमध्ये दोन लेयरची अदलाबदल केलीस तर हार्ड लाइट मिळतो. सॉफ्ट लाइट यांच्यात सगळ्यात सौम्य, शुद्ध काळ्याला आणि शुद्ध पांढऱ्याला तो हात लावत नाही. म्हणून चेहऱ्यावर उजेड-सावली हळुवार चढवायला लोक ५० टक्के राखाडीचा लेयर सॉफ्ट लाइटवर ठेवून त्यावर रंगवतात.

जुनं ट्यूटोरियल बघून गिंप या मोफत सॉफ्टवेअरवर करत असशील तर जपून. गिंपच्या २.१० आधीच्या आवृत्त्यांत ओव्हरले नावाचा मोड प्रत्यक्षात सॉफ्ट लाइटचंच गणित करायचा. २०१८मध्ये २.१० आली तेव्हा ते सुधारलं आणि जुने मोड 'लेगसी' गटात ठेवले.

निशिगंध

अवांतर : हार्ड मिक्स कुणी खरंच वापरतं का? वापरणाऱ्याला चहा माझ्याकडून.

सह्यवारा

टाका चहा. नाटकाच्या पोस्टरला वापरलाय. नुसता लावला की प्रत्येक चॅनेल (लाल, हिरवा, निळा) शून्य किंवा २५५, म्हणजे सगळं चित्र आठ रंगांत येतं. गंमत 'फिल' (ओपॅसिटीच्या जोडीची दुसरी टक्केवारी) कमी केल्यावर आहे. ओपॅसिटी कमी केली तर ते आठ भडक रंग फक्त पुसट होतात. फिल कमी केलं तर मोडचं गणितच सौम्य होतं आणि कडक उन्हासारखा कॉन्ट्रास्ट मिळतो.

आणि हे अवांतर नाही बरं का. फोटोशॉपमध्ये आठ मोड असे आहेत ज्यांत फिल आणि ओपॅसिटी वेगळं वागतात : कलर बर्न, लिनियर बर्न, कलर डॉज, लिनियर डॉज, व्हिव्हिड लाइट, लिनियर लाइट, हार्ड मिक्स आणि डिफरन्स. एकीने '६० टक्के' म्हणताना फिल धरलं आणि दुसरीने ओपॅसिटी, की झाला घोळ. केवडा, कंदिलाच्या उजेडाला कोणता मोड वापरता?

केवडा

मी स्क्रीन वापरते. ती कलर डॉज वापरते, त्याने कंदील पेटल्यासारखा वाटतो म्हणाली.

सह्यवारा

मग भगभगीत दिसण्याचं कारण तिथेच. कंदिलामागच्या भिंतीचा एखादा चॅनेल २०० धरा, वर १२८चा रंग. स्क्रीनमध्ये २२८ येतं, अजून थोडी जागा शिल्लक राहते. कलर डॉजमध्ये भागाकार असतो, तो ४००च्या पुढे जातो आणि २५५वर कापला जातो. आधी लाल कापला जातो, मग हिरवा, आणि नारिंगी उजेडाचा पिवळा भपका होतो. शिवाय खालचं शुद्ध काळं असेल तिथे कलर डॉजला काहीच करता येत नाही, त्यामुळे उजेडाच्या मधोमध काळी भोकं राहतात. पानभर पसरलेल्या उजेडाला स्क्रीन आणि ज्योतीच्या टोकाला इवलासा कलर डॉज, अशी वाटणी करा. तिची हौसही राहील.

मोरपीस

ही वाटणी आवडली. हे मी स्वतःच्या कामातही करून बघेन.

टोरांटोकर

मी चित्रपटाच्या कंपोझिटिंगमध्ये (वेगवेगळी दृश्यं एका चौकटीत मिसळणं) काम करतो, तिथली एक बाजू मांडतो. आमच्याकडे मिसळणं लिनियर लाइटमध्ये (वरच्या यादीतला त्या नावाचा मोड नव्हे) होतं, म्हणजे आकडे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात धरून. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा गॅमा लावलेल्या, म्हणजे पडद्यासाठी वाकवलेल्या, आकड्यांवर गणित होतं. दोन्हीत तोच मोड वेगळं चित्र देतो. पांढऱ्यावर ५० टक्के ओपॅसिटीचा काळा टाका. साध्या पद्धतीत १२८ येतं, लिनियरमध्ये १८८. राखाडी १२८वर राखाडी १२८ स्क्रीन केला तर एकीकडे १९२, दुसरीकडे १६७.

स्क्रीन हा मोड तर शून्य ते एकच्या आतच शहाणा आहे. आमच्या फायलींत सूर्याचा आकडा एकच्या कितीतरी वर जातो. सूत्र आहे अ अधिक ब वजा अब. दोन्हीकडे २ घाला, उत्तर शून्य. दोन सूर्य मिळून काळोख! म्हणून आम्ही उजेडाला सरळ बेरीजच वापरतो.

तुम्हाला हे का सांगतोय : फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये आरजीबी रंग ठरावीक गॅमाने मिसळण्याचा एक पर्याय असतो. तो एकीकडे चालू आणि एकीकडे बंद असेल तर तीच फाईल दोन कॉम्प्युटरवर वेगळी दिसेल. गिंपच्या नव्या आवृत्त्यांत तर हे प्रत्येक लेयरला वेगळं ठरवता येतं.

बाराखडी

हे सगळे मोड मुळात आले कुठून?

टोरांटोकर

पारदर्शकतेचं पायाभूत गणित पोर्टर आणि डफ यांनी १९८४मध्ये मांडलं, ते दोघे तेव्हा लुकासफिल्ममध्ये होते. फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत. कल्पना त्याहून जुन्या, डार्करूमच्या. दोन स्लाइड एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरल्या की मल्टिप्लाय. त्याच दोन स्लाइड दोन प्रोजेक्टरमधून एका पडद्यावर टाकल्या की साधारण स्क्रीनसारखं.

छापखाना

इतका वेळ वाचत होतो. पुस्तक छापायचं आहे ना? मग माझंही ऐका, कोल्हापुरात प्रीप्रेस (छपाईआधीची फायलींची तयारी) बघतो.

तुमचा सगळा मेळ आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात, बसलाय. लेयर तसेच ठेवून सीएमवायकेत (छपाईच्या चार शाया) गेलात की मोड शाईच्या आकड्यांवर चालायला लागतात आणि चित्र बदलतं. मल्टिप्लायमध्ये ६० टक्के शाईवर ६० टक्के शाई म्हणजे ८४ टक्के. चारही शायांत असं चढत गेलं की सावलीत शाईचं एकूण प्रमाण कुठच्या कुठे जातं, कागद ओला राहतो आणि मागच्या पानाला डाग लागतात. आर्ट पेपरला साधारण ३०० टक्क्यांची मर्यादा धरतात, पण तुमच्या छापखान्याला विचारूनच आकडा घ्या. बदलताना फोटोशॉप लेयर मर्ज करू का म्हणून विचारतं, त्याकडे दुर्लक्ष करू नका. मूळ लेयरवाली आरजीबी फाईल जपून ठेवा, तिची प्रत काढा, रंगांचे लेयर एकत्र करा आणि मगच सीएमवायके करा.

रेषा मात्र त्यात घालू नका! शाईच्या रेषा आरजीबीत मल्टिप्लायवर ठेवून सगळं एकत्र केलंत तर काळी रेष चार शायांची होते. मशिनवर रजिस्ट्रेशन (चारही शायांचं एकमेकींवर नेमकं बसणं) केसभर सरकलं की रेषेला लाल-निळी कडा येते, आणि ती मुलांच्या पुस्तकात फार वाईट दिसते. रेषा स्वतंत्र ठेवा, फक्त काळ्या शाईत, जमलं तर १२०० पीपीआयच्या (इंचाला पिक्सेल) बिटमॅपमध्ये (नुसतं काळं-पांढरं). रंग ३०० पीपीआय पुरे. सीएमवायके झालेल्या रंगांवर त्या रेषा मल्टिप्लायने किंवा ओव्हरप्रिंटने (खालचा रंग न कापता वर छापणं) बसवायच्या. मी बघितलेल्या कितीतरी पुस्तकांत रंग उत्तम असतात आणि रेषेने घात केलेला असतो, म्हणून जीव तोडून सांगतोय.

केवडा

छापखाना काका, हे आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. रेषा वेगळ्या लेयरवर आहेतच, त्यामुळे बदल करता येईल.

दौत_टाक

छापखान्यांशी पूर्ण सहमत.

आता सॉफ्ट लाइटचं एक राहिलं. क्रितात सॉफ्ट लाइट एकाहून अधिक आहेत, त्यांत एक फोटोशॉपचा आणि एक एसव्हीजी या वेबवरच्या चित्रप्रकाराचा. गडद करताना दोन्हींचं उत्तर एकच. उजळ करतानाही खालचा रंग साधारण ६४च्या वर असेल तर एकच. फरक पडतो तो फक्त खूप गडद भाग उजळताना. खाली १०, वर २०४ असेल तर फोटोशॉपचा ३४ देतो आणि एसव्हीजीचा २५. तुमच्या मुलीचे केस काळे आहेत, केसांवरची चमक याच पट्ट्यात येते. सहकारीला फोटोशॉपवाला निवडायला सांगा.

पळसफूल

नमस्कार, मीच ती नागपूरची सहकारी. केवडाने दुवा पाठवला म्हणून सदस्यत्व घेतलं.

पास थ्रूचं मान्य, कालच सगळे ग्रुप बदलले आणि केसही ताळ्यावर आले. कलर डॉज ज्योतीपुरता ठेवला. पण सावलीचा एकच रंग सगळीकडे, हे मला अजून पटत नाही. दौत_टाक यांनी दिलेला जांभळट रंग मी त्वचेवर लावून बघितला, सुंदर दिसला. तोच हिरव्या पानावर लावला, ९०, १५०, ६०वर, तर ६०, ८२, ४५ आलं. हिरव्याचा सगळा जीव गेला. सबंध चित्रात झाडंच झाडं आहेत. मग मी काय करायचं? इथे डोळेच सांगतात की पानांच्या सावलीला निळसर हिरवा हवा.

मोरपीस

पळसफूल, टाळ्या!

दौत_टाक

मुद्दा बिनतोड आहे. मी असं सुचवेन : मोड आणि ग्रुपची रचना सबंध पुस्तकाला एक. सावलीचा रंग प्रसंगानुसार, म्हणजे दुपारचा एक, संध्याकाळचा एक, कंदिलाचा एक. आणि दाट झाडोऱ्यासाठी एक वेगळा सावलीचा लेयर, तोही मल्टिप्लायच, झाडांना क्लिप केलेला, म्हणजे फक्त झाडांवरच दिसणारा. प्रत्येक वस्तूला वेगळा रंग द्यायला लागलात तर एकाच सूर्याखालची पानं वाटणार नाहीत.

पळसफूल

प्रसंगानुसार चालेल. झाडोऱ्याचा लेयर वेगळा मिळाला तर माझं भांडण मिटलं.

केवडा

मग आम्ही दोघींनी फोनवर बसून हे पक्कं केलंय. सावली मल्टिप्लाय, रंग प्रसंगाच्या तक्त्यातून, झाडोऱ्याची सावली वेगळी. उजेड स्क्रीन, ज्योतीला तेवढा कलर डॉज. केसांची चमक आणि गालांची लाली फोटोशॉपवाल्या सॉफ्ट लाइटने. कागदाचा पोत ओव्हरलेने, सगळ्यात वरच्या ग्रुपमध्ये. पोताच्या राखाडीची सरासरी १२८वर आणूनच तो लावायचा, नाहीतर अख्खं पान उजळतं किंवा काळवंडतं. ग्रुप सगळे पास थ्रू. टक्के म्हणजे ओपॅसिटी, फिलला हात लावायचा नाही. बाकी कोणता मोड वापरावासा वाटला तर आधी दुसरीला दाखवायचा.

शिवाय टोरांटोकरांच्या आकड्यांवरून रंग तपासायची एक पट्टी केलीय : १२८वर १२८ मल्टिप्लायने ६४, स्क्रीनने १९२, आणि पांढऱ्यावर अर्धा काळा १२८. दोघींकडे उघडून आयड्रॉपरने बघितली, तिन्ही आकडे जुळले. सॉफ्ट लाइटचा १० आणि २०४चा चौकोनही त्यात घातलाय.

टोरांटोकर

उत्तम. पट्टी प्रत्येक पानाच्या फाईलमध्येच ठेवा. कुणी सॉफ्टवेअर अपडेट केलं की आधी ती बघायची.

पळसफूल

पण पानात ठेवली तर ती छापली जाणार नाही का? आणि रंग एकत्र करताना तिचे लेयरही मिटतील.

छापखाना

पट्टीचा वेगळा ग्रुप करा आणि छपाईची प्रत काढताना तो लपवा. मूळ फाईलमध्ये ती ३ मिमी ब्लीडच्याही (पानाबाहेरची कापली जाणारी पट्टी) बाहेर ठेवा, म्हणजे लपवायची राहिली तरी पानावर यायची नाही. पहिल्या १६ पानांच्या फर्म्याचं (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांचा संच) प्रूफ निघालं की तुम्हा दोघींची दोन-दोन पानं शेजारी येतील अशी मागवा, आणि दिवसाच्या उजेडात बघा.